त्रेसष्ट वर्षांची ठेव

मेलबर्नला गेलेल्या पाहुण्यांना ग्रेट ओशन रोड दाखवल्याशिवाय परत पाठवायचे नाही, असा आपल्याकडे एक अलिखित दंडकच आहे. समुद्रातले ते बारा प्रेषितांचे खडक पाहून झाले, फोटो काढून झाले, की बहुतेक गाड्या मागे वळतात. तसेच पश्चिमेला पुढे गेले तर वॉर्नांबूल लागते. मेलबर्नपासून सुमारे २६० किलोमीटरवरचे, गाईगुरांच्या आणि मेंढरांच्या मुलखातले हे गाव. हिवाळ्यात तिथल्या किनाऱ्याजवळ देवमासे येतात आणि ते पाहायला माणसे जमतात. एरवी गावाचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नसते.

या गावातल्या गायेट नावाच्या घराण्याचा व्यवसाय अंत्यविधीचा. इंग्रजीत ज्याला ‘फ्युनरल डायरेक्टर’ म्हणतात, तो. या घराण्याने पूरन सिंग नावाच्या एका भारतीय फेरीवाल्याच्या अस्थी १९४७ सालापासून २०१० सालापर्यंत, म्हणजे तब्बल त्रेसष्ट वर्षे सांभाळल्या. त्या माणसाची शेवटची इच्छा होती की आपली रक्षा गंगेत जावी. न्यायला कोणी येईल याची काहीच खात्री नव्हती. तरीही ती ठेव टाकून दिली गेली नाही, की विसरलीही गेली नाही.

पूरन सिंग पंजाबी शीख, गायेट मंडळी ऑस्ट्रेलियन, मग आपल्या मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. परदेशात घर केलेल्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी आपला देह अनोळखी माणसांच्या हाती सोपवावा लागतो. ती माणसे कोण, त्यांचे काम काय आणि त्या कामाला आपण किती मान देतो, हा प्रश्न पंजाब्यांचा जितका आहे तितकाच आपलाही आहे.

पूरन सिंग यांचा जन्म १८६९ चा, जालंधर जिल्ह्यातल्या उप्पल भूपा या गावचा. १८९९ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, ते ऑस्ट्रेलियात आले. त्या काळात पंजाबातून आलेल्या अनेकांनी इथे फिरत्या विक्रीचा धंदा धरला होता. फेरीचा परवाना काढायचा, आधी पाठीवर गाठोडे आणि पुढे ऐपत आली की घोडागाडी, आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हिंडायचे. कापड, तयार कपडे, सुया, दोरे, बटणे, अशा बारीकसारीक वस्तू. दुकान चाळीस-पन्नास मैलांवर असलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला दारात येणारा हा फेरीवाला म्हणजे बाजारच. पूरन सिंग यांनी पश्चिम व्हिक्टोरियात सत्तेचाळीस वर्षे हाच धंदा केला. त्यांनी लग्न केले नाही आणि ते भारतात परतही गेले नाहीत.

लग्न न करणे, परत न जाणे ही नुसती स्वभावाची गोष्ट समजू नये. ते आले त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०१ साली, इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट आला. ज्याला आपण ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरण म्हणतो त्याचा हा पाया. कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालून नको असलेल्या माणसाला नापास करण्याची सोय त्यात होती. आधीपासून इथे असलेल्या भारतीयांना हाकलले नाही, पण बायको-मुलांना आणणे अतिशय अवघड झाले. देशी जाऊन परत यायचे तर सूट मिळाल्याचा दाखला हवा. १९०२ च्या कायद्याने ज्यांची नावे आधी राज्याच्या मतदारयादीत नव्हती अशा आशियाई लोकांना देशाच्या निवडणुकीत मत नाकारले. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना तो हक्क १९२५ साली मिळाला. त्याआधी १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री या प्रश्नासाठी इथे येऊन भाषणे देऊन गेले होते. अशा परिस्थितीत अर्धे आयुष्य एकट्याने गाडीवर काढलेल्या माणसाच्या मरणाच्या वेळी उशाशी कोण असणार?

मेल्यावर काय, हाही प्रश्न त्या काळी साधा नव्हता. आज आपल्याला दहन ही इथली सर्वसामान्य पद्धत वाटते, पण ऑस्ट्रेलिया हा मुळात दफनाचा देश. आपल्या वेस्टमीडपासून जवळच, पॅरामॅटाच्या ओकॉनेल स्ट्रीटवर सेंट जॉन्सची दफनभूमी आहे. तिची सुरुवात १७९० ची. युरोपीय वसाहतीची या देशात टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी दफनभूमी. तिथून थोड्याच अंतरावरचे रुकवूड १८६० च्या दशकातले. सेंट्रल स्टेशनजवळ रीजंट स्ट्रीटवर नक्षीदार दगडी कमानींचे एक छोटे स्टेशन दिसते. ते १८६९ साली प्रेतांच्या गाडीसाठीच बांधले गेले. शवपेटी आणि नातेवाईक यांना घेऊन आगगाडी तिथून रुकवूडला जात असे.

दहनाला कायद्याची चौकट मिळावी म्हणून डॉ. जॉन मिल्ड्रेड क्रीड यांनी १८८६ साली न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेत विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तो १८९१ मध्ये केला आणि १९०३ साली ॲडलेडच्या वेस्ट टेरेसवर देशातले पहिले क्रिमेटोरियम सुरू झाले. तिथले पहिले दहन एका भारतीयाचे होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या राज्यात रुकवूडचे क्रिमेटोरियम यायला १९२५ साल उजाडले. म्हणजे देह अग्नीला द्यावा एवढी साधी अपेक्षासुद्धा शंभर वर्षांपूर्वी इथल्या भारतीयाला सहज पुरी करून घेता येत नव्हती.

पूरन सिंग १९४७ साली वॉर्नांबूलला वारले. वय सत्त्याहत्तर. गावात दहनाची सोय नव्हती. गायेट यांच्याकडे देह आला तेव्हा, ख्रिस्ती नसलेल्या, घरचे कोणी नसलेल्या म्हाताऱ्याला गावच्याच मातीत पुरून मोकळे होणे सर्वांत सोपे होते. कोणी तक्रार करणारेही नव्हते. पण माणसाची इच्छा दहनाची होती, म्हणून देह मेलबर्नला नेऊन दहन केले गेले आणि रक्षा वॉर्नांबूलला परत आणली. इच्छेचा पहिला भाग पुरा झाला.

दुसरा भाग म्हणजे गंगा. साल १९४७. त्याच वर्षी पंजाबची फाळणी झाली. जालंधर भारतात राहिले खरे, पण त्या प्रांतात कोण कुठे आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता; लाखो माणसे घर सोडून चालली होती. अशा वेळी ऑस्ट्रेलियाच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून रक्षेचा डबा कोणाकडे आणि कसा पाठवायचा? विमानाचा प्रवास तेव्हा श्रीमंतांचा. टपालाने पाठवावा तर घेणारा कोण? गायेट मंडळींनी जे करता येण्यासारखे होते ते केले. ठेव ठेवून घेतली आणि वाट पाहिली.

इथे या धंद्याविषयी थोडे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या लहान गावांत हा व्यवसाय अनेक ठिकाणी सुतारकामातून उभा राहिला. जो खुर्च्या-टेबले करतो तोच शवपेटी करतो. ज्याच्याकडे घोडागाडी आहे तो ती वाहून नेतो. हळूहळू हेच मुख्य काम होते आणि बापाकडून मुलाकडे, मुलीकडे जाते. काम चोवीस तासांचे. रात्री दोनला फोन आला की उठायचे. डॉक्टरचा दाखला, मृत्यूची नोंद, दफनभूमीची वेळ, पाद्री, फुले, वर्तमानपत्रातली जाहिरात हे सगळे त्याने बघायचे. लहान गावात याला आणखी एक बाजू असते. ज्याच्या बापाला काल पोचवले त्याच्याशी आज बाजारात गाठ पडते. त्यामुळे या माणसाचे भांडवल म्हणजे गाडी नव्हे, इमारत नव्हे. गावाचा त्याच्यावरचा भरवसा. कोणाच्या घरात काय रडारड झाली, कोणाच्या बिलाला उशीर झाला, हे तो कधी बोलत नाही. आणि जे त्याच्याकडे सोपवले ते तो हरवत नाही.

म्हणूनच गायेट यांची गोष्ट भावनेच्या भरातली नाही. एक दिवसाचा मोठेपणा कोणालाही जमतो. त्रेसष्ट वर्षांत घरातली पिढी बदलते, दुरुस्त्या होतात, कपाटे आवरली जातात. प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवावे लागते की हे टाकायचे नाही. बापाने मुलीला सांगावे लागते की हा माणूस अमुक, याची इच्छा अशी, कोणी आले तर द्यायचे. घराण्यातल्या ॲलिस गायेट-वुड यांनी ही जबाबदारी पुढे चालवली. काही वर्षांनी त्या अस्थींना गावच्या दफनभूमीतल्या स्मृतिभिंतीत नावाच्या पाटीसह जागा दिली गेली. पाटी महत्त्वाची. पाटी नसती तर उरली असती ती कोणाची तरी राख.

तुलनेसाठी दोन गोष्टी आठवतात. पहिली आपल्या कोल्हापूरची. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. त्या शहरात हिंदू पद्धतीचे दहन कोणी पाहिलेले नव्हते, पण नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कॅशिने उद्यानाच्या टोकाला, अग्निसंस्कार झाला. संगमच सापडला, हे नशीब. १८७४ साली तिथे छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा उभारला गेला. पुढे शेजारी झालेल्या मोठ्या पुलालाही लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात. हे सगळे झाले कारण मरणारा राजा होता आणि त्याच्यामागे ब्रिटिश सरकार उभे होते.

दुसरी गोष्ट श्यामजी कृष्ण वर्मा यांची. लंडनचे इंडिया हाउस काढणारे हे क्रांतिकारक १९३० साली जिनिव्हाला वारले. आपल्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी स्वतंत्र भारतात जाव्यात अशी त्यांची इच्छा. त्यांनी तिथल्या सेंट जॉर्ज दफनभूमीशी शंभर वर्षांचा करार केला आणि पैसे आगाऊ भरून ठेवले. २००३ साली त्या अस्थी भारतात आल्या. त्र्याहत्तर वर्षे लागली, पण हातात कागद होता.

पूरन सिंगांपाशी ना गादी, ना करार. त्यांनी साठवलेला पैसा गावाकडच्या पुतण्यांसाठी ठेवला. इकडे त्यांच्या वाट्याला आला तो एका धंदेवाल्याचा शब्द. आणि तो शब्द करारासारखाच टिकला.

आता जरा आपल्याकडे वळू. मराठीत या माणसासाठी आदराचा शब्द शोधायला गेलो तर अडचण होते. ‘मर्तिकाचे सामान’ विकणारा दुकानदार असतो. त्याच्या दुकानासमोरून जाताना आपण लहान मुलाला पलीकडून चालायला सांगतो. अंत्यविधी सांगणारा ब्राह्मण तो किरवंत, आणि त्याला त्याच्याच जातीत पंक्तीला बसवत नसत. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ नाटकाने ते दुःख रंगभूमीवर आणले. मरणाची वर्दी गावोगाव पोचवणे, सरणासाठी लाकूड पुरवणे ही कामे शतकानुशतके महारांवर लादलेली होती, आणि ज्यांच्या पायांवर गावाचे मरण चालत असे त्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते. या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते उगीच नाही. थोडक्यात, मृताला आपण ‘कैलासवासी’ करतो आणि त्याला तिथे पोचवणाऱ्याला विटाळ मानतो.

याला सन्मान्य अपवादही आहेत. मुंबईत सोनापूरची स्मशानभूमी शहराबाहेर शिवडीला हलवायचा घाट सरकारने घातला होता. त्या वेळी जगन्नाथ शंकरशेट यांनी गोरगरिबांची बाजू घेतली. प्रेत खांद्यावरून इतके दूर न्यायचे कसे, हा त्यांचा साधा प्रश्न. नानांच्या नावावर शाळा आहेत, रेल्वे आहे. माझ्या मते हे कामही त्याच तोलाचे. आणि प्रत्येक आळीत, चाळीत एक माणूस असे, तो न बोलावता येई, तिरडी बांधी, मडके धरायला लावी, खांदेकऱ्यांना पुढे-मागे करी आणि संध्याकाळी कोणाच्या लक्षात यायच्या आत घरी जाई. त्याची नावनिशी कोणत्याही अहवालात नसते. नाशिकच्या रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरी किंवा हरिद्वारला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची सही सापडते, तेव्हा आपण हरखून जातो. ठेव सांभाळण्याचाच तो एक प्रकार आहे. वॉर्नांबूलच्या भिंतीवरची पाटी त्याच जातीची.

ही पाटी वाचली गेली ती लेन केना आणि क्रिस्टल जॉर्डन या दोन इतिहास-अभ्यासकांमुळे. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या भारतीयांच्या नोंदी शोधताना त्यांच्या हाती पूरन सिंग लागले. एसबीएस रेडिओच्या पंजाबी विभागाच्या मनप्रीत कौर सिंग यांनी ती हकीकत श्रोत्यांपर्यंत पोचवली. ती ऐकून कपिल देव यांनी स्वतःहून अस्थी न्यायची तयारी दाखवली. ज्याने १९८३ चा विश्वचषक उचलला तो माणूस जुलै २०१० मध्ये वॉर्नांबूलला आला आणि एका फेरीवाल्याचा अस्थिकलश हातात घेतला. बातमी पसरली तसे उप्पल घराण्यातले इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले वारसही पुढे आले. पूरन सिंग यांच्या अस्थी भारतात पोचल्या आणि गंगेत विसर्जित झाल्या. वर्तमानपत्रांत अर्थात कपिल देवचा फोटो मोठा होता. तो असायलाच हवा. पण त्यांनी केलेले काम काही दिवसांचे होते. गायेट घराण्याचे दोन पिढ्यांचे.

या गोष्टीतून आपल्यासाठी काय? वेस्टमीडचे मोठे हॉस्पिटल १९७८ साली उघडले. त्याच्या आसपास राहणारी, तिथे नोकरी करणारी आपली माणसे पुष्कळ. त्या काळात आलेली मराठी कुटुंबे आता आजी-आजोबांच्या वयाची आहेत. मुलाबाळांना भेटायला आलेले आई-वडील इथेच वारतात, असेही घडते. फोन येतो तेव्हा बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसते की पुढे काय करायचे. आपल्या मनात तिरडी, खांदा, तिसऱ्या दिवशी सावडणे. इथे दहनाआधी डॉक्टरांच्या दाखल्यांखेरीज स्वतंत्र वैद्यकीय परवानगी लागते, त्यात दोन-चार दिवस सहज जातात. सावडायला फुले नसतात. काही दिवसांनी दोन-तीन किलो बारीक राख डब्यातून मिळते. इथल्या फ्युनरल डायरेक्टरांनी आपल्या गरजा बऱ्याच शिकून घेतल्या आहेत. देहाला स्नान घालायला, नवे वस्त्र नेसवायला घरच्यांना आत घेतात, तुळशीपत्र आणि गंगाजल ठेवू देतात, थोरल्या मुलाला किंवा मुलीला बटण दाबू देतात. त्यांना कोणी हे पुस्तकातून शिकवलेले नाही. आधीच्या कुटुंबांनी सांगितले आणि त्यांनी लक्षात ठेवले. म्हणून विचारायला लाजू नये.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. न्यू साउथ वेल्समध्ये देहाचे काय करायचे हे ठरवण्याचा पहिला अधिकार मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरचा असतो. मृत्युपत्रच नसेल तर जवळच्या नातेवाइकांत वाद होऊ शकतो, आणि एक भाऊ पुण्यात, दुसरा इथे असला की तो होतोही. आपल्याकडे जिवंतपणी मरणाची भाषा करणे अशुभ मानतात. ‘असे अभद्र बोलू नकोस’ म्हणून विषय संपतो. पूरन सिंग फार शिकलेले नव्हते, पण त्यांनी बोलून ठेवले, म्हणून गायेट मंडळींना काय करायचे ते कळले. दहन हवे की नाही, रक्षा कुठे जावी, गाव कोणते, कळवायचे कोणाला, एवढे एका कागदावर लिहून घरच्यांना दाखवले तरी पुरे. काहींना रामकुंड हवे असेल, काहींना कृष्णेचा घाट, आणि काहींना, ज्यांनी इथे चाळीस वर्षे काढली, त्यांना इथलेच पाणी. तिन्ही बरोबर.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात आपण कलावंतांचा, खेळाडूंचा, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांचा सत्कार करतो. आपल्या भागात गेली कित्येक वर्षे आपल्या माणसांची शेवटची व्यवस्था पाहणाऱ्या एखाद्या फ्युनरल डायरेक्टरला, आणि रात्री-अपरात्री दुःखाच्या घरी पोळ्या-भाजीचा डबा पोचवणाऱ्या आपल्यातल्या चार जणांनाही त्या व्यासपीठावर बोलवावे, असे सुचवतो. नारळ आणि शाल पुरे. सत्कार करताना ‘अशुभ’ म्हणून कोणी कुजबुजले, तर त्यांना वॉर्नांबूलची ही हकीकत सांगावी.